नमुना चौदा आणि पिवळं बटण

वस्तूचे नाव व वर्णन

एक निळी बस. उतारावर उभी. वेळ दुपारचे चार वाजून पाच मिनिटं. आत बावीस माणसं, त्यांतली चौदा झोपलेली.

ड्रायव्हरनं स्टिअरिंगजवळचं पिवळं बटण तळव्यानं आत दाबलं. हे पार्किंग ब्रेकचं बटण. आत दाबलं की ब्रेक सुटतो, बाहेर ओढलं की लागतो. बटण आत गेलं, आठ-नऊ आकडे मोजेपर्यंत शहाण्यासारखं बसून राहिलं आणि मग कुणी हातही न लावता टप् करून बाहेर आलं. पाठोपाठ डॅशबोर्डच्या पोटातून फुस्स असा लांबलचक सुस्कारा निघाला. झोपलेल्या माणसाला हलवावं, त्यानं नुसता हुंकार देऊन कूस बदलावी आणि पुन्हा घोरायला लागावं, तसा. ड्रायव्हरनं सहा वेळा बटण दाबलं. सहाही वेळा बसनं कूस बदलली.

सातव्या वेळी मात्र जागे असलेल्या सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि चौथ्या ओळीत खिडकीशी बसलेल्या स्टोअरकाकांकडे पाहिलं.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चहाची टपरी होती, टपरीमागे उन्हात पेंगणारं माळरान होतं, आणि सहा किलोमीटर खाली, झाडांच्या फटीतून, तलावाचा एक चकचकीत तुकडा दिसत होता. काकांना त्या तुकड्याकडे बघवेना.

मागणी कोणी केली

काकूंनी. लग्न झालं त्या वर्षी.

तलावात एक लाँच चालायची. या काठावरून त्या काठाला चाळीस मिनिटं. काकूंना पलीकडे काही काम नव्हतं, कुणी नातेवाईकही नव्हतं. लाँच पाण्याच्या बरोबर मधोमध पोचली की दोन्ही काठ सारखेच लांब दिसत असणार, ते एकदा बघायचं, एवढीच त्यांची मागणी. काका ती ऐकून हसले होते आणि म्हणाले होते, जाऊ की. त्यानंतर एकतीस वर्षांत हा बेत नऊ वेळा ठरला आणि नऊही वेळा स्टोअरची साठामोजणी आडवी आली. काका बस डेपोच्या स्टोअरमध्ये होते. स्टोअरमधला एक वॉशर कमी भरला तर त्यांना जेवण जात नसे. काकूंचा तलाव मात्र दर वर्षी शिल्लक दाखवला जाई आणि पुढच्या पानावर ओढला जाई.

आता काका निवृत्त झाले होते आणि तलावावर पूल झाला होता. पूल या सहलीच्याच दिवशी सकाळी सुरू होणार होता. लाँचची शेवटची फेरी त्याच संध्याकाळी साडेपाचला, त्यानंतर ती कायमची बंद. काकूंनी वर्तमानपत्रातली बातमी कापून काकांच्या चष्म्याच्या डबीत घालून ठेवली.

जायचं दोघांनीच होतं, साध्या बसनं. पण काकूंनी ते फोनवर धाकट्या बहिणीला सांगितलं. बहिणीनं आपल्या नवऱ्याला, म्हणजे काकांच्या साडूंना सांगितलं. साडूंना कुठलीही गोष्ट दोन माणसांत करवत नाही. ते म्हणाले, साध्या बसनं कशाला, एक छोटी गाडी करू, आम्हीही येतो. छोट्या गाडीत तीन जागा उरत होत्या, त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांनी तिघांना विचारलं. तिघांच्या घरचे पाच रुसले. आठ जण वाढल्यावर छोटी गाडी पुरेना, म्हणून बस ठरली. आणि बस ठरल्यावर साडू जागा रिकाम्या ठेवतील, ही आशाच सोडा.

सकाळी बस दारात आली तेव्हा काकांनी दरवाजाजवळचा निळा रंग नखानं खरवडला. खालून ओळखीचा लाल निघाला. ही बस त्यांच्याच डेपोची, जुनी झाली म्हणून विकलेली. काकांची छाती दोन इंच फुगली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "ही आमच्या हाताखालून गेलेली आहे."

हे वाक्य त्यांना दुपारी चार वाजता नडलं.

दोषाचे स्वरूप

सासरच्या माणसांना काकांचं काम कधी नीट कळलंच नव्हतं, आणि ते कळू नये अशीच काकांनी व्यवस्था ठेवली होती. लग्नकार्यात कुणी विचारलं की ते म्हणत, "मी ब्रेकमध्ये आहे." हे खोटं नव्हतं. स्टोअरच्या तिसऱ्या रांगेत जमिनीपासून छतापर्यंत ब्रेकचे सुटे भाग रचलेले होते आणि काकांची खुर्ची त्यांच्या मधोमध होती. पण पार्किंगचा व्हॉल्व्ह, म्हणजे पिवळ्या बटणामागची हवेची झडप, त्यांनी पाहिला तो खोक्यातला. खोक्यावर निळी पट्टी, रांगेत अकरा, उंदरांपासून जपावा. तो बसमध्ये कुठे बसतो आणि तिथे बसून काय करतो, हे त्यांना सांगोवांगी ठाऊक होतं.

त्यामुळे साडूंनी सगळ्यांच्या वतीनं "बोला साडूभाऊ, तुमचं खातं" असं म्हटल्यावर काका उठले, पुढे गेले, बटणाकडे डोळे बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, "हं."

ड्रायव्हर सज्जन होता. त्यानं काकांना सांगतोय असं न दाखवता सगळ्यांना सांगितलं, की या ब्रेकमध्ये हवेनं ब्रेक लागत नाही, सुटतो. चाकापाशी डब्यात एक दांडगी स्प्रिंग असते, ती कायम ब्रेक आवळून बसलेली असते. हवा जाऊन तिला मागे रेटून धरते, तेव्हा कुठे चाक मोकळं होतं. हवा संपली की स्प्रिंग पुन्हा आवळते. म्हणजे उभं राहणं हा बसचा मूळ स्वभाव. ती चालते ती फक्त श्वास धरून असेपर्यंत.

काकांना हे फार आवडलं. ते उभ्या उभ्या त्यात हरवले. आपणही तसेच असू, असं त्यांना वाटून गेलं.

साडूंना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या सायकलचा ब्रेक असा नव्हता. बटण बाहेर येतंय तर ते दाबून धरावं, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचू नये याचं त्यांना नवल वाटलं. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यानं मान वर केली, अर्ध्यावर येऊन पुन्हा खाली टाकली, आणि बस होती तिथेच राहिली. मेहुणी म्हणाली, गाडी पाच मिनिटं बंद ठेवून परत चालू करून बघा, आमच्या टीव्हीचं असंच होतं. टपरीवाल्या बाई ग्लास विसळता विसळता म्हणाल्या, मागच्या महिन्यात एक बस इथेच अशी उभी राहिली होती. ती पुढे काय झाली, असं सगळ्यांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, काय की, मी तेव्हा जेवायला गेले होते.

मेकॅनिकचा शेरा

ड्रायव्हरनं मालकाच्या मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकनं फोनवरून फुस्स ऐकलं आणि निदान केलं. व्हॉल्व्ह गेला. नवा टाका. एवढ्या जुन्या मॉडेलचा मिळेल तो फक्त डेपोच्या स्टोअरमध्ये. विकलेल्या गाड्यांना ते भाग देतात.

जागे असलेले सगळे चेहरे उजळले. झोपलेल्यांतलेही काही उजळले असावेत. स्टोअर म्हणजे साक्षात काका. काकांनी शर्टाची इस्त्री सारखी केली, फोन घेतला, टपरीच्या सावलीत जाऊन नंबर फिरवला.

जुना भाग जमा केला काय? (होय / नाही)

काकांच्या खुर्चीवर आता एक तरुण होता. काकांनीच त्याला तयार केलं होतं. त्यानं आधी तब्येत विचारली, मग काकूंची विचारली, मग सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह आहे. समोरच दिसतोय. जुना कधी आणताय?"

काका म्हणाले, जुना बसमध्ये आहे, काढून कुणाच्या तरी हाती पाठवतो.

तरुणाला अवघड वाटलं. नमुना चौदा, पोटकलम ब, तो म्हणाला. जुना भाग गाडीवर बसवलेल्या स्थितीत डेपोत तपासावा, तपासून मगच काढावा, काढून जमा करावा, जमा झाल्याशिवाय नवा देऊ नये. म्हणजे गाडी डेपोत आणावी लागेल.

गाडी हलत नाही, काका म्हणाले. हलत नाही म्हणून तर व्हॉल्व्ह हवाय.

तरुणानं फोनवर सुस्कारा टाकला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे काकांना ऐकू येत होतं. असला गाढवपणा कोणी लिहून ठेवलाय, असं काका विचारणार होते. विचारता विचारता थबकले.

"खाली सही आपलीच आहे साहेब," तरुण हळूच म्हणाला. "मी फ्रेम करून लावलंय."

(या रकान्यात काही लिहू नये)

काका टपरीच्या बाकावर बसले. साडेचार होऊन गेले होते. ऊन मऊ झालं होतं. माळावरून वारा येत होता आणि गवत एका बाजूला झुकून पुन्हा उभं राहत होतं, जणू तेही कुणीतरी दाबून धरतंय आणि सोडतंय. बसच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. त्या काकांकडे बघत नव्हत्या. तलावाच्या तुकड्याकडेही नाही. मांडीवरच्या पर्सची कडी त्या बोटानं फिरवत होत्या, आणि कडीला काकांनी बांधलेला पत्र्याचा बिल्ला किणकिणत होता.

बिल्ल्याचं सांगायला हवं. काका प्रत्येक वस्तूला तारेनं पत्र्याचा गोल बिल्ला बांधत. घरात किल्ल्यांना, छत्र्यांना, ट्रंकेला होता, काकूंच्या पर्सला होता. डेपोत हवेच्या नायलॉनच्या नळ्या डाव्या-उजव्या जोडीनं येत आणि त्यांची अदलाबदल होई. म्हणून काकांनी प्रत्येक नळीला बिल्ला बांधायची पद्धत सुरू केली. त्याबद्दल त्यांना 'कल्पक कर्मचारी' असं प्रमाणपत्र मिळालं होतं. ते बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर आहे.

तर काका बाकावर बसले होते, आणि त्यांना त्यांच्या स्टोअरची मागची फळी दिसायला लागली. जमा झालेले जुने व्हॉल्व्ह. चारशे बारा. आपल्याच नियमानं घरी परत आलेले. निवृत्तीच्या वर्षी काकांनी डेपोतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला त्यांतले शंभर तपासायला लावले होते, भंगारात काढण्यासाठी. मिस्त्रीनं तपासले आणि सांगितलं, त्र्याण्णव ठणठणीत आहेत. काकांनी तो कागद खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. त्र्याण्णव चांगले निघाले तर नमुना चौदामधला 'दोषाचे स्वरूप' हा रकाना इतकी वर्षं काय म्हणत होता, या प्रश्नाला स्टोअरमध्ये जागा नव्हती.

मिस्त्री आणखीही काहीतरी बोलला होता. तेव्हा काका वॉशर मोजत होते, त्यामुळे ते कानावर पडून तसंच पडून राहिलं होतं. आता ते आपोआप वर आलं. ते बटण शहाणं असतं, मिस्त्री म्हणाला होता. हवा कमी पडली की ते स्वतःहून बाहेर येतं आणि ब्रेक लावतं. गळती भलतीकडेच असते. वॉचमननं शिट्टी वाजवली म्हणून लोक वॉचमनलाच धरतात.

काका उठले. बसच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हातात कागद नसताना एक विधान केलं.

"दोष व्हॉल्व्हमध्ये नाही."

साडूंनी विचारलं, कशावरून. काकांना त्र्याण्णव म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले, "साबणाचं पाणी करा."

साबण कुणाकडे नव्हता. मेहुणीकडे फुलांच्या वासाचा शाम्पू होता, मोठी बाटली. तिनं ती कुरकुरत दिली. टपरीवरून बादली आली, त्यात अख्खी बाटली उपडी झाली, कारण किती टाकायचा हे काकांना माहीत नव्हतं आणि विचारणं शोभलं नसतं. ड्रायव्हरनं चाकांना मोठे दगड लावले आणि इंजिन चालू केलं. साडूंना सांगण्यात आलं की आता त्यांच्या अंगठ्याची खरंच गरज आहे, बटण दाबून धरायचं, म्हणजे हवा मागपर्यंत जाईल. साडू लगेच बसले. काका आणि ड्रायव्हर बादली घेऊन एकेका सांध्यावर शाम्पूचं पाणी शिंपडत मागे मागे गेले.

पुढे काही नाही. मधे काही नाही. मागच्या डाव्या चाकाच्या आत ड्रायव्हरनं पाणी मारलं, आणि बसनं फुगे सोडायला सुरुवात केली.

आधी बारीक, मोहरीसारखे. मग लिंबाएवढे. मग एक भोपळ्याएवढा फुगा चाकाच्या कमानीतून बाहेर आला, थोडा थरथरला, आणि कुणाची परवानगी न घेता खिडक्यांच्या कडेनं वर चढू लागला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. माळभर फुलांचा वास सुटला. झोपलेले चौदा जण एकेक करून जागे झाले आणि त्यांना काचेपलीकडून मोठाले फुगे वर जाताना दिसले. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, आपण पाण्यात पोचलो का. त्यांना कुणी नाही म्हटलं नाही. टपरीवाल्या बाई हातातला ग्लास तसाच धरून उभ्या राहिल्या. एका फुग्यात अख्खी निळी बस दिसत होती, उलटी, आणि पायरीवर काकू, त्याही उलट्या, पहिल्यांदाच हसताना.

फुग्याला किती वेळ लागतो फुटायला? काकांनी तो मोजला नाही. एकतीस वर्षांत न मोजलेली ती पहिली वस्तू.

दोषाचे कारण

पाच वाजायला दहा मिनिटं होती. काका पांढऱ्या शर्टासकट बसखाली उताणे पडले. ड्रायव्हर म्हणाला, काका, मी बघतो की. पण काका आधीच गेले होते. डाव्या चाकामागे काळी नायलॉनची नळी होती. तिच्यावर दोन बोटं लांब चीर होती आणि चिरेतून फेस उकळत होता. चिरेच्या बरोबर वर, तारेनं बांधलेला, पत्र्याचा गोल बिल्ला.

त्यावर ठोकलेला आकडा काकांच्या हातचा होता. सात काढताना ते मधे एक आडवी रेघ देत. रेघ होती.

बस इतकी वर्षं रस्त्यावर थरथरली, आणि तेवढी वर्षं बिल्ल्याची धार नळीवर घासत राहिली. काकांनी तार सोडवली, बिल्ला मुठीत घेतला. बसखाली छान गार होतं. वर माणसांची पावलं वाजत होती. त्र्याण्णव, काकांच्या मनात आलं. त्र्याण्णव वॉचमन.

जबाबदारी निश्चित केली काय?

ड्रायव्हरनं बटण बाहेर ओढून नळीतली हवा काढली, चिरलेला तुकडा कापून टाकला आणि आपल्या पेटीतला पितळी जोड मधे बसवला. मेहनतीचं काम, पण पंधरा मिनिटांत झालं. हात पुसता पुसता तो सहज म्हणाला, कशानं चिरली असेल.

साडूंनी वरून निर्वाळा दिला, की डेपोची माणसं. कुणीतरी आळशी माणूस असणार, काम कधी हातानं न केलेला, ऑफिसात बसून शोध लावणारा. साडूभाऊ, तुम्ही ओळखत असाल त्याला.

काका बसखालून बाहेर आले होते. पाठ काळी झाली होती, मूठ बंद होती. गप्प राहिले असते तर कुणालाच कधी कळलं नसतं. सगळे त्यांच्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच, ब्रेकमधला माणूस म्हणून पाहत होते. काकूसुद्धा.

पण नळ्या जोडीनं जायच्या. डावीला बिल्ला, तर उजवीलाही. ती उतारावर अर्ध्या वाटेत चिरली, तर बस पुन्हा कूस बदलणार होती, आणि मग साडेपाच काही परत येणार नव्हते.

"ओळखतो," काका म्हणाले आणि मूठ उघडली. "हा माझा आहे. उजवीकडेही असाच एक असेल. तो आत्ता काढायला हवा."

ड्रायव्हर पक्कड घेऊन उजव्या बाजूला गेला आणि दुसरा बिल्ला घेऊन आला. त्याखाली नळीवर नुसता ओरखडा होता, केसाएवढा. ड्रायव्हर अंगठा आणि तर्जनीत अगदी थोडं अंतर धरून म्हणाला, बिल्ल्यानं अजून एवढंच खाल्लंय काका.

ड्रायव्हरनं बटण दाबलं. ते आत गेलं. सगळ्यांनी मनात आकडे मोजले. आठ, नऊ, दहा. वीस. काटा चढला आणि वरच राहिला. चाकांचे दगड काढले. बस इतकी हळू निघाली की टपरीच मागे सरकतेय असं वाटलं.

शेरा

ते धक्क्यावर पोचले तेव्हा साडेपाचला तीन मिनिटं कमी होती. शेवटची फेरी म्हणून लाँचवर तुडुंब गर्दी होती. लाँचवाल्यानं बावीस जणांकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. दोन. एक जास्त नाही.

साडूंचा एक पाय फळीवर होता. त्यांचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला होता आणि मेहुणीनं त्याला ओला रुमाल गुंडाळला होता. त्यांनी पाय मागे घेतला. "जा तुम्ही," ते म्हणाले. "जायचं तुम्हा दोघांनाच होतं. आम्ही पुलावरून येतो पलीकडे."

लाँच निघाली. काका-काकूंना कठड्याजवळ जागा मिळाली. पाणी पितळेच्या रंगाचं झालं होतं. काठ हळूहळू मागे पडत गेला. मग काकूंनी विचारलं, मघापासून हातात काय धरून बसलात. काकांनी दोन्ही बिल्ले दाखवले आणि खणातला कागदही सांगून टाकला, शंभरातले त्र्याण्णव, कुलपासकट. सांगताना आवाज जरासा गळला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्सच्या कडीचा बिल्ला सोडवला, तारेनं बोट खरचटलं तरी सोडवला, आणि हात पुढे केला.

"आणा इकडे ते दोन. जुने तिन्ही माझ्याकडे जमा. आता नवीन काय देणार ते बोला."

काकांनी उत्तरासाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लाँच मधोमध पोचली आहे. निघालेला काठ आणि जायचा काठ, दोन्ही सारखेच लांब, सारखेच धूसर. काकूंनी ते आधीच पाहिलं होतं. त्या केव्हापासून तेच बघत होत्या.

दूर पुलावर निळी बस जात होती, काडेपेटीएवढी. बरोबर मध्यावर ती थांबली. बऱ्याच वेळानं पाण्यावरून एक बारीक आवाज तरंगत आला. फुस्स.

काका अर्धे उठले. "ब्रेक लागला."

काकूंनी त्यांची काळी झालेली बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही बघायचं असेल."